रंगाखाली काय आहे ते आधी बघा: घरामागच्या सिंथेटिक कोर्टात झालेली फसवणूक

घरामागच्या मोकळ्या जागेत बॅडमिंटनसारख्या खेळासाठी सिंथेटिक कोर्ट, म्हणजे काँक्रीटवर ॲक्रिलिक रंगाचे थर दिलेलं मैदान, करून घ्यायचं मनात असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. आमचं काम ज्याने केलं त्या कॉन्ट्रॅक्टरचं नाव इथे देत नाही, प्रकरण वकिलांकडे आहे. पण त्याने जे केलं ते कुणीही करू शकतो, कारण या कामात महत्त्वाचं असतं ते सगळं झाकलं जातं. वरून दिसतो तो जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा रंगाचा थर. कोर्ट टिकणार की नाही, हे त्याच्या खाली ठरतं.

आम्हाला मुलीसाठी बॅडमिंटनचं कोर्ट हवं होतं. डबल्सचं कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर, शिवाय चारी बाजूंनी पळायला थोडी जागा. तेवढं परसात बसत होतं. कोटेशनमध्ये काही खोट काढण्यासारखं नव्हतं. माती उकरून खडीचा थर, तो धुम्मस मारून घट्ट करणं, मग प्लॅस्टिकचा कागद, १०० मिलिमीटर काँक्रीट आणि वर ॲक्रिलिकचे थर. सोबत ‘इंटरनॅशनल सर्टिफाइड’ म्हणून एक रंगीत प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र नंतर मी एका जाणकार इंजिनिअरांना दाखवलं. ते टेनिसच्या पृष्ठभागाच्या वेगाचं होतं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ पृष्ठभागांची संथ ते वेगवान अशा पाच गटांत वर्गवारी करतो, त्यातलं. खालचं काँक्रीट किती जाड, त्याखाली काय भरलंय, याच्याशी त्या कागदाचा काडीचाही संबंध नाही.

काँक्रीट पडायच्या दिवशी त्याने स्वतःहून मला बोलावलं. “मॅडम, टेप लावून बघा, नंतर म्हणू नका.” कडेच्या शटरिंगच्या (ओलं काँक्रीट अडवणाऱ्या) फळीला टेप लावली, बरोबर १०० मिलिमीटर. फोटोही काढायला लावला. डाव तिथेच होता. कडेला नीट खणलं होतं, पण मध्यभागी भराव तसाच उंच ठेवला होता आणि त्यावर खडीचा पातळ थर पसरला होता. वरून काँक्रीट सपाट झालं की कुणाला काय कळणार?

काँक्रीटवर ॲक्रिलिक लावायचं तर साधारण २८ दिवस ते मुरू द्यावं लागतं, आतली ओल निघून जावी लागते. यांनी दुसऱ्याच आठवड्यात रंग लावायला घेतला. विचारलं तर म्हणे, “आमचं केमिकल वेगळं आहे, थांबायची गरज नाही.” डबे नामांकित कंपनीचे, पण बहुतेकांची सीलं आधीच फुटलेली. रेघा मारून झाल्या त्याच संध्याकाळी, ‘माणसं उद्या दुसऱ्या साइटवर जाणार’ म्हणत उरलेले सगळे पैसे नेले.

पहिल्या मोठ्या पावसात कोर्टाच्या मधोमध पाणी तुंबलं. नंतर ऊन पडलं तसे रंगाला फुगे आले. अंगठ्याने दाबलं की आतून पाणी यायचं. मग पोपडे सुटले आणि नेटच्या खांबापासून तिरकी भेग गेली. ओल्या रंगावरून मुलगी घसरली, मनगट दुखावलं. ॲक्रिलिकच्या रंगात पायाला पकड मिळावी म्हणून बारीक सिलिका वाळू मिसळतात; आमचा रंग काचेसारखा गुळगुळीत होता. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. पैसे एकवेळ सोडून देता येतात, पण मुलं खेळणार हे माहीत असून असं काम करायला मन कसं होतं?

कॉन्ट्रॅक्टर आधी म्हणाला झाडाच्या मुळांनी भेग पडली, मग म्हणाला तुम्ही सायकली फिरवल्या असतील, मग त्याने फोन घेणंच बंद केलं. वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘बेसमधील दोषांमुळे झालेले नुकसान वगळून’. बेस, म्हणजे रंगाखालचं सगळं काम, त्यानेच केलं होतं!

शेवटी इंजिनिअरांनी कोर कापले, म्हणजे काँक्रीटला आरपार भोक पाडून गोल तुकडे काढले. कडेचा तुकडा ठरल्याइतका जाड, मधला त्याच्या निम्माही नाही. मधल्या भोकातून खाली भुसभुशीत माती आणि विटांचे तुकडे निघाले. प्लॅस्टिकचा कागद कुठेच नव्हता, त्यामुळे जमिनीतली ओल थेट वर येत होती. डब्यांवरचे बॅच नंबर कंपनीला पाठवले, तर लेखी उत्तर आलं की हे नंबर आमचे नाहीत.

आता कळकळीने सांगते. काँक्रीट पडण्याआधी समोरासमोरच्या फळ्यांवर दोरी ताणून बांधा आणि मध्यभागी चार ठिकाणी दोरीपासून खालपर्यंत टेप लावा. फोटो मधले काढा, कडेचे नव्हे. रंगाआधी ४५ सेंटिमीटरचा चौकोनी पारदर्शक प्लॅस्टिक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान १६ तास ठेवा. खाली दव धरलं किंवा काँक्रीट काळवंडलं तर रंग लावू देऊ नका. सीलबंद डबे तुमच्यासमोर उघडायला सांगा. उतार एकाच दिशेला, साधारण शंभरास एक, असा कोटेशनमध्येच लिहून घ्या. काम झाल्यावर पाइपने सगळं कोर्ट भिजवा आणि तासाभराने बघा. नाणं बुडेल एवढं पाणी कुठे साचलं असेल तर शेवटचा हप्ता थांबवा. हे सगळं हप्त्यांना जोडून करारात लिहायला जो नकार देईल त्याला काम देऊच नका. एकमेकांत अडकणाऱ्या प्लॅस्टिक टाइल्सचे विक्रेते ‘कशावरही बसतात’ म्हणतात, तेही मानू नका. त्यांनाही सपाट, पक्का बेस लागतोच. शिवाय उन्हात त्या प्रसरण पावतात, कडेला फट सोडली नाही तर मधून उचलल्या जातात.

आमचा माणूस आता वेगळ्या फर्मच्या नावाने कामं घेतोय, असं कळलं. दाखवायला फोटो तेच आहेत: निळं कोर्ट, हिरवी कड, कोपऱ्यात बास्केटबॉलच्या रिंगचा खांब. असा फोटो कुणी दाखवला तर ते कोर्ट कुठे आहे ते विचारा, मालकाशी स्वतः बोला आणि पाऊस पडून गेल्यावर प्रत्यक्ष जाऊन बघा.