जामखेडचा आरोग्य-शिक्षण वर्ग : ताईंना पाच तारे, कराराला दोन

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. एका परदेशी विद्यापीठाच्या तुकडीबरोबर दुभाषी म्हणून जामखेडला दहा दिवस राहून आले.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली उभा केलेला हा ग्रामीण आरोग्य प्रकल्प. १९७९चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळाला. हे पाठ करून मी गेले होते. पण शिकवायला समोर आल्या त्या गावातल्या आरोग्य सेविका. आमच्या ताई साठी उलटलेल्या, अक्षरओळख बेताची. पहिल्याच तासाला जुलाबावर द्यायचं पाणी: लिटरभर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. एक पोरगा टॅबवर क्षारांचं गणित मांडू लागला. ताई म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे, आधी चाखून बघ. आसवापेक्षा खारट लागलं तर ओतून दे." त्याने मिठाचा चमचा शीग लावून भरला होता. मला भाषांतर करावंच लागलं नाही, तोंडावरूनच कळलं.

तुकडीत आफ्रिकेतल्या मलावीची एक नर्स होती. कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधायची रीत (१९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात सुरू झालेली) तिने बाहुली घेऊन, तिकडच्या चितेंजे नावाच्या कापडाने दाखवली. ताईंनी तीनदा गाठ सोडून बांधली. मग म्हणाल्या, "पहिल्यांदा सासूच्या छातीला बांधायचं. म्हंजी सूनबाईला कुणी कामाला उठवत नाही." नर्सने हे वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या. माझ्या वीस वर्षांच्या लेक्चरांत सासू कधी आलीच नव्हती!

तीन तारे कापले ते त्या विद्यापीठाच्या नि आमच्या कॉलेजच्या करारासाठी. कागदावर 'देवाणघेवाण' लिहिलंय. तिकडून बारा जण आले, इकडून आजवर एकही मुलगी गेली नाही. व्हिसा आणि तिकीट आमचं आम्ही बघायचं म्हणे. प्रमाणपत्रावर शिक्काही त्यांचाच. ताईंनी मलावीच्या नर्सबद्दल विचारलं, "हिच्या गावाला मी कधी जायचं?" ते मी त्या विद्यापीठाच्या प्राध्यापकांना शब्दशः सांगितलं. ते हसले.

जाणार असाल तर एखादं जास्तीचं सुती कापड बरोबर ठेवा. माझी ओढणी मलावीला गेली, चितेंजे ताईंकडे राहिलं.