कॅथेजमधल्या खोलीचे नऊशे पौंड

कार्डिफला शिकायला येणाऱ्या आणि विमानात बसायच्या आधीच घर पक्कं करायच्या खटपटीत असलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. त्यांच्या आईवडिलांनीही वाचावं, कारण माझ्या बाबतीत पैसे माझ्या बाबांचे गेले.

जुलै २०२५ मध्ये माझा एमएस्सीचा प्रवेश नक्की झाला. वसतिगृहाचा अर्ज भरायला उशीर झाला होता. स्वस्त खोल्या संपल्या होत्या आणि उरलेल्या परवडणाऱ्या नव्हत्या. ज्याला विचारावं तो म्हणायचा, कॅथेजमध्ये बघ. कॅथेज म्हणजे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीमागून रेल्वेचे रूळ ओलांडले की लागणारा भाग. एकमेकींना चिकटलेल्या जुन्या दुमजली घरांच्या रांगा, घराघरात पाच-सहा विद्यार्थी, कोपऱ्यावर दुकान. वर्गात चालत जाता येतं, बसचे पैसे वाचतात.

विद्यार्थ्यांच्या एका ग्रुपवर मी लिहिलं की साताऱ्याची आहे, सप्टेंबरपासून खोली हवी आहे, महिन्याला साडेचारशे पौंडांपर्यंत. अर्ध्या तासात मेसेज आला. "तू सातारची? माझं आजोळ कोरेगावला." रोमन अक्षरांत, पण बोली आपल्याकडचीच. कोर्स संपला, आता मँचेस्टरला नोकरी लागली, माझीच खोली रिकामी होतेय, असं तो म्हणाला. त्याने व्हिडिओ पाठवला. रस्त्याकडे पुढे आलेली तीन तावदानांची खिडकी, भिंतीत बुजवलेली जुनी शेकोटी, मागच्या अंगणात भिंतीला टेकवलेली सायकल. मी त्याला पहिल्याच दिवसापासून दादा म्हणायला लागले. आईलाही बरं वाटलं, परक्या मुलखात आपलं माणूस भेटलं म्हणून. आता वाटतं, कोरेगाव त्याला माझ्याच प्रोफाइलवरून सुचलं असावं. माझं कॉलेज तिथलंच होतं.

दादाने घरमालकाचा ईमेल दिला. मालक नॉर्वेला समुद्रावर कामाला, म्हणून किल्ली कुरिअरने येणार. भाषा अगदी अदबीची. त्याने माझा पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत मागितली. भाडेकरूला या देशात राहण्याचा हक्क आहे का हे तपासणं कायद्याने बंधनकारक आहे, असं कारण दिलं. मी पाठवली. मग आठ पानी करार आला. त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'अशुअर्ड शॉर्टहोल्ड टेनन्सी'. माझा मावसभाऊ लेस्टरला असतो. त्याला पाठवला, तो म्हणाला, "बरोबर आहे गं, माझाही असाच होता." तो खरंच बोलत होता. पण तो राहतो इंग्लंडमध्ये आणि मी चालले होते वेल्सला. कार्डिफ वेल्समध्ये येतं, आणि वेल्स हा ब्रिटनचाच पण इंग्लंडहून वेगळा भाग.

हा फरक आम्हाला कुणालाच माहीत नव्हता आणि त्या माणसाने आम्हाला पकडलं ते इथेच. १ डिसेंबर २०२२ पासून वेल्समध्ये घरभाड्याचा कायदा वेगळा आहे. करार आता 'ऑक्युपेशन कॉन्ट्रॅक्ट' या नावाने होतो आणि भाडेकरूला 'कॉन्ट्रॅक्ट-होल्डर' म्हणतात. २०२५ साली कार्डिफमधल्या खोलीसाठी कुणी नव्याने 'अशुअर्ड शॉर्टहोल्ड टेनन्सी'चा कागद पाठवत असेल, तर त्याने तो इंग्लंडातल्या कुठल्या तरी नमुन्यावरून उचललेला असतो. पासपोर्टचंही तेच. भाडेकरूचा राहण्याचा हक्क तपासण्याची सक्ती इंग्लंडातल्या घरमालकांवर आहे, वेल्समध्ये ती नाही. म्हणजे जे पाहून आम्हाला माणूस कायदेशीर वाटला, त्यानेच तो उघडा पडायला हवा होता.

पैसे मागितले ते एक महिन्याचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं, मिळून नऊशे पौंड. दादा म्हणाला, "आणखी दोन मुली मागे लागल्यात, शुक्रवारपर्यंतच थांबवू शकतो." बाबांनी पतपेढीतली ठेव मुदतीआधी मोडली. रुपयांत एक लाख सहा हजारांच्या आसपास गेले. बँकेत फॉर्म भरताना खात्याचा नंबर एलटी या अक्षरांनी सुरू होतोय हे मी पाहिलं होतं. ब्रिटनमधल्या खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर जीबीने सुरू होतो, एलटी म्हणजे लिथुआनिया. दादाला विचारलं तर तो म्हणाला, डिजिटल बँक आहे, कमिशन कमी लागतं. बँकेतल्या बाईंनीही एकदा विचारलं होतं, "ओळखीचे आहेत ना?" मी हो म्हणाले. ते हो अजून कानात आहे.

सप्टेंबरात हीथ्रोवरून बसने सोफिया गार्डन्सला उतरले. बाबांना हे नाव क्रिकेटमुळे ठाऊक. २०१३ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत शिखर धवनने तिथे शतक ठोकलं होतं, म्हणून उतरल्या उतरल्या त्यांना फोटो पाठवला. किल्ली आलीच नव्हती. दादा म्हणाला होता, घरातली मुलं दार उघडतील. टॅफ नदी ओलांडून, ब्यूट पार्कमधून दोन बॅगा ओढत निघाले. रस्त्यावर पांढऱ्या रंगात 'स्लो'च्या जोडीला 'अराफ' लिहिलेलं, प्रत्येक पाटीवर वेल्श भाषा. आपण इंग्लंडमध्ये नाही आहोत हे पहिल्यांदा तेव्हा जाणवलं.

घर तेच निघालं. तीच खिडकी. दार एका मुलीने उघडलं. माझ्या बॅगा बघितल्या आणि तिचा चेहरा पडला. "तूही पैसे भरलेस का?" ती म्हणाली. "या महिन्यातली तू तिसरी." त्या घरात जुलैपासून पाचजणी राहत होत्या, एकही खोली रिकामी नव्हती. व्हिडिओ दोन वर्षांपूर्वीच्या जाहिरातीतला होता. त्यांनी मला आत घेतलं, चहा दिला. मागच्या अंगणात सायकल नव्हती, मी बघत होते, नुसती भिंत होती. दादाला फोन लावला. नंबर बंद होता.

त्या मुलींनीच मला 'रेंट स्मार्ट वेल्स' ही वेबसाइट दाखवली. वेल्समध्ये घर भाड्याने देणाऱ्या खाजगी मालकाला तिथे नोंदणी करावीच लागते आणि भाड्याचा कारभार जो पाहतो, मालक असो की एजंट, त्याच्याकडे परवाना लागतो. नोंदवही सगळ्यांना खुली आहे, फुकट आहे, घराचा पत्ता टाकून शोधता येतं. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी पत्ता टाकला. मालकाचं नाव दुसरंच होतं. साताऱ्यात बसूनही मला हे दोन मिनिटांत दिसलं असतं, याचं वाईट आजही वाटतं. आणखी एक तिथेच कळलं. खोली नुसती धरून ठेवायला वेल्समध्ये जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं घेता येतं. साडेचारशेच्या खोलीला शंभरेक पौंड.

पैसे मिळाले नाहीत. बाबांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेने रक्कम परत मागवणारा संदेश पाठवला, पण तोवर खातं रिकामं झालं होतं. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत बँकांना बऱ्याचदा भरपाई द्यावी लागते, पण ती ब्रिटनमधल्या एका खात्यातून ब्रिटनमधल्याच दुसऱ्या खात्यात गेलेल्या पैशांना. आमचे भारतातून लिथुआनियाला गेले होते. म्हणून कळकळीने सांगते, पहिले आठ-दहा दिवस प्रवाशांच्या होस्टेलमध्ये काढा, इथे खातं उघडा, खोलीत स्वतः उभं राहून बघा, मग पैसे द्या. मी शेवटी तसंच केलं. सिटी रोडजवळ चारशे वीस पौंडांत खोली मिळाली आणि तिच्या करारावर 'ऑक्युपेशन कॉन्ट्रॅक्ट' असं स्वच्छ लिहिलं होतं.

आईला मी सगळं तीन आठवड्यांनी सांगितलं. ती रागावली नाही, "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

पासपोर्टचं मात्र मी विसरून गेले होते. नोव्हेंबरात नागपूरच्या एका मुलाचा इन्स्टाग्रामवर मेसेज आला. जानेवारीच्या कोर्सला येणार होता. "ताई, तुम्ही कॅथेजला राहता ना? मालकांनी तुमचा पासपोर्ट पाठवलाय, आधीची भाडेकरू म्हणून." खाली माझाच फोटो. माझे हात थरथरायला लागले. मी लगेच फोन केला. तो बँकेतच होता, फॉर्म भरून झाला होता, सही बाकी होती. मी म्हटलं, सही करू नकोस, आधी करार उघड आणि वर काय नाव लिहिलंय ते मला वाचून दाखव. थोडा वेळ नुसता बँकेतला गलका ऐकू येत होता. मग तो वाचायला लागला, एकेक शब्द सुटा करून, "अशुअर्ड... शॉर्टहोल्ड..."