बस्टर कीटनचा ‘द जनरल’ : काय पाहायचं आणि कोणती प्रत निवडायची

‘द जनरल’ या विनोदी मूकपटातला नायक, इंजिन ड्रायव्हर जॉनी ग्रे, याला सैन्यात घेतलेलं नाही. त्याची प्रेयसी ॲनाबेल हिने बजावलंय, अंगावर गणवेश चढेपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही. तो जाऊन आपल्या इंजिनाच्या मोठ्या चाकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यावर मान खाली घालून बसतो. तेवढ्यात इंजिन सुरू होतं. चाकं फिरतात, दांडा वर जातो, खाली येतो आणि त्याच्याबरोबर जॉनीही वर-खाली होत राहतो, तसाच बसून, तसाच विचारात. इंजिन शेडच्या अंधारात शिरायच्या बेताला येतं तेव्हा कुठे त्याच्या लक्षात येतं.

प्रसंग मिनिटभराचाही नाही. पण वाफ जरा जास्त सोडली गेली असती तर चाकं रुळावर जागच्या जागी गरगरा फिरली असती आणि दांड्यावरचा माणूस फेकला गेला असता. दांड्यावर जॉनी झालेला बस्टर कीटन स्वतः बसला आहे आणि इंजिन खरं आहे. ‘द जनरल’ आजही हसवतो याचं कारण आमच्या मते इथेच आहे. यातला जवळजवळ प्रत्येक विनोद चालत्या यंत्रातून निघतो आणि तो कसा घडला हे आपल्याला एकाच चौकटीत, काहीही न लपवता दिसतं.

सिनेमा १९२६चा, दिग्दर्शन बस्टर कीटन आणि क्लाइड ब्रकमन यांचं. मूळ घटना उत्तर आणि दक्षिण यांच्यातल्या अमेरिकन यादवी युद्धातली. १२ एप्रिल १८६२ रोजी उत्तरेच्या बाजूच्या जेम्स अँड्र्यूज आणि त्याच्या साथीदारांनी जॉर्जियातल्या बिग शँटी स्थानकातून ‘जनरल’ नावाचं इंजिन पळवलं आणि विल्यम फुलर या गार्डने आधी पायी, मग मिळेल त्या वाहनाने त्यांचा पाठलाग केला. कीटनने गार्डऐवजी इंजिन ड्रायव्हरला नायक केलं आणि चित्रीकरण ओरेगन राज्यातल्या कॉटेज ग्रोव्ह परिसरात केलं. लाकूडतोडीच्या धंद्यासाठी टाकलेले रूळ तिथे जंगलातून जात होते. लाकडावर चालणाऱ्या इंजिनांच्या ठिणग्यांनी त्या उन्हाळ्यात तिथे आगीही लागल्या आणि धुरामुळे काम थांबवावं लागलं.

तोफेचा प्रसंग नीट बघा. आपलं इंजिन पळवणाऱ्या शत्रूमागे जॉनी दुसरं इंजिन घेऊन लागलाय आणि त्याच्या मागे एक आखूड तोंडाची तोफ जोडलेली आहे. पहिल्यांदा तो चिमूटभर दारू घालतो, तर गोळा टुपकन त्याच्याच इंजिनात येऊन पडतो. दुसऱ्यांदा तो सगळा डबाच ओततो आणि वात पेटवून परत निघतो, पण पाय कपलिंगमध्ये, म्हणजे गाड्या एकमेकींना जोडणाऱ्या आकड्यात, अडकतो. कपलिंग सुटून खाली पडतं, रुळांखालच्या स्लीपरवर आदळत जातं आणि त्या हादऱ्यांनी तोफेचं तोंड हळूहळू खाली येत थेट त्याच्यावर रोखलं जातं. तो लाकडाचा ओंडका फेकून मारतो, मग जीव मुठीत धरून इंजिनाच्या पुढच्या टोकाला पळतो. इतक्यात रूळ वळतात. इंजिन तोफेच्या रेषेतून बाजूला होतं, तोफ उडते आणि गोळा पुढे पळणाऱ्या शत्रूच्या गाडीजवळ फुटतो. कारण, परिणाम, त्याचा पुढचा परिणाम अशी ही साखळी आहे आणि तिच्यात योगायोगाची जागा एकच, ते वळण. तेही आपल्या डोळ्यांसमोर येतं.

लगेच पुढे स्लीपरचा प्रसंग आहे. शत्रूने रुळांवर लाकडी स्लीपर टाकलेत. जॉनी इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसलाय, एक जड स्लीपर छातीशी धरून. समोर दुसरा आडवा पडलेला दिसतो. हातातला तो बरोब्बर त्याच्या टोकावर आपटतो आणि दोन्ही उडून बाजूला पडतात. मागून इंजिन येतच असतं, त्यामुळे फेक चुकली असती तर काय झालं असतं हे कुणी सांगायची गरज नाही.

पहिल्या भागात जॉनी पाठलाग करतो, दुसऱ्यात तोच इंजिन घेऊन परत पळतो आणि शत्रू मागे लागतो. पहिल्या वेळी जे अडथळे त्याच्या वाट्याला आले, तसेच तो दुसऱ्या वेळी त्यांच्या वाटेत टाकतो. म्हणून पूर्वार्धात मोबाइल बघत बसलात तर उत्तरार्धातले निम्मे विनोद हातचे जातील. एक मोकळी वाघीण, म्हणजे मालाचा डबा, एकदा जॉनीच्या पुढे येते, मग तो दुसरीकडे बघत असताना रुळांवरून घसरते. मान वर करून बघतो तर वाघीण गायब! त्या वेळची त्याची नुसती पापण्यांची हालचाल बघा. त्याचा चेहरा हलत नाही असं म्हणतात ते अर्धवट खरं आहे. तो हसत नाही, एवढंच.

पुलाचा प्रसंग तर सिनेमाच्या इतिहासात गेलाय. जळणारा लाकडी पूल गाडी पेलेल असं सेनाधिकारी ठामपणे सांगतो, इंजिन पुलावर येतं आणि पुलासकट नदीत कोसळतं. यात छोटी प्रतिकृती नाही. खरं इंजिन खऱ्या पुलावरून एकदाच पाडलं. या एका शॉटचा खर्च ४२,००० डॉलर सांगितला जातो आणि मूकपटांच्या काळातला तो सर्वांत महागडा शॉट मानतात. पण आम्हाला पडणाऱ्या इंजिनापेक्षा त्यानंतरचा अधिकाऱ्याचा चेहरा जास्त आवडतो.

मॅरियन मॅकची ॲनाबेल सुरुवातीला शोभेची वाटते, ती इंजिनात चढल्यावर खुलते. भट्टीत घालायला लाकूड कमी पडतंय आणि ही बाई एका ओंडक्याला भोक आहे म्हणून तो फेकून देते. जॉनी वैतागून तिच्या हातात काडीएवढी ढलपी देतो, तीही ती मन लावून भट्टीत टाकते. तो तिचा गळा धरतो आणि दुसऱ्या क्षणी तिचं चुंबन घेतो.

दोन गोष्टी खटकतात. शेवटची लढाई गाड्यांच्या पाठलागाइतकी रंगत नाही. तिथे विनोद यंत्रातून कमी आणि तलवारीच्या तुटक्या पात्यासारख्या सुट्या युक्त्यांतून जास्त येतो. दुसरी गोष्ट मोठी आहे. नायक दक्षिणेच्या बाजूचा आहे, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्यांच्या, आणि सिनेमा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. इंजिन पळवणाऱ्यांपैकी आठ जणांना प्रत्यक्षात फाशी झाली, तेही पडद्यावर नाही. मोठ्या मुलांबरोबर बघताना हे आधी सांगून टाकावं.

प्रदर्शनानंतर सिनेमा फारसा चालला नाही, समीक्षकांनाही रुचला नाही. १९२८मध्ये कीटन एमजीएम या बड्या स्टुडिओत गेला आणि त्याचं स्वातंत्र्य संपलं. १९८९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीच्या पहिल्याच यादीत हा सिनेमा आला.

आता प्रतीबद्दल. अमेरिकेत याचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला, त्यामुळे कुणीही कशीही प्रत काढून विकतो किंवा चढवतो. वाईट प्रत ओळखणं सोपं आहे. आकाश पांढरंफटक, धुरातले तपशील गायब, चौकटीच्या कडा कापलेल्या. कडा कापलेली प्रत अजिबात बघू नका, कारण विनोद तिथेच घडत असतो. जॉनी पुढे लाकडं तोडतोय आणि मागून आधी त्याचं सैन्य माघार घेतं, मग शत्रूचं पुढे सरकतं. यातलं मागचं दृश्य अस्पष्ट असेल तर प्रसंग वाया. लांबी ७५ ते ८० मिनिटांच्या आसपास हवी. शंभर मिनिटांच्या वर गेलेली प्रत संथ वेगाने चालवलेली असते आणि सगळ्या पाठलागाची हवा निघून जाते. कोहेन फिल्म कलेक्शन आणि इटलीतल्या बोलोन्याच्या चिनेतेका या चित्रपट संग्रहालयाने मिळून केलेली ४के, म्हणजे अतिशय स्पष्ट, प्रत मिळाली तर दुसरी शोधायला नको.

टीव्हीवर लावताना चित्राचा आकार मूळ ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. पडदाभर ताणलं की इंजिनाची चाकं लंबगोल होतात. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग असेल तर बंद करा, नाहीतर फिरत्या चाकांभोवती चित्र थरथरतं.

संगीत प्रतीप्रतीत वेगळं असतं. कार्ल डेव्हिसचं १९८७चं वाद्यवृंदाचं संगीत आम्हाला सगळ्यांत जवळचं, कारण ते गाडीचा वेग पकडतं आणि विनोदाच्या आधी इशारा देत नाही. जो हिसाइशीचं २००४चं संगीत हळवं आहे, ॲनाबेलच्या प्रसंगांना ते छान जातं. काही फुकट प्रतींवर मात्र कुठलाही पियानो गोल गोल वाजत राहतो. अशा वेळी आवाज बंद करून बघितलेलं बरं. पडद्यावर मधेमधे येणाऱ्या मजकुराच्या इंग्रजी पाट्या थोड्या आणि छोट्या आहेत, घरातल्या एकाने त्या मराठीत मोठ्याने वाचल्या तर सहा-सात वर्षांच्या मुलालाही गोष्ट कळते. फक्त तोफेच्या प्रसंगात वाचणाऱ्याने गप्प राहावं.