बादलीतलं पोळं आणि बाबांच्या गोळ्या

फेब्रुवारीत परळला आमच्या चाळीत दोघेजण बादली घेऊन आले. बादलीत मधात बुडालेलं पोळं, वर चार-दोन मेलेल्या माश्या. महाबळेश्वरच्या रानातला आग्या मध म्हणाले आणि बाबांच्या डोळ्यांदेखत पोळं पिळून बाटल्या भरल्या. समोर पिळलेलं पाहिल्यावर शंका कोण घेणार?

बोलता बोलता त्यांनी बाबांची अँजिओप्लास्टी झाल्याचं काढून घेतलं. मग एक छापील कागद पुढे केला. "काका, रोज कोमट पाण्यातून दोन चमचे. तीन महिन्यांत नस मोकळी. त्या गोळ्यांनी किडनी जाते." चार किलोचे 3,600 रुपये घेतले.

पैशांचं मला काही वाटत नाही. मे महिन्यात जिना चढताना बाबांच्या छातीत दडपण आलं, घामाने बनियन भिजलं. डॉक्टरांनी गोळ्या विचारल्या म्हणून मी घरी येऊन खण उघडला. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी. एकही पट्टी फोडलेली नव्हती. स्टेंट (अँजिओप्लास्टीत नस उघडी ठेवायला बसवलेली जाळी) असताना या गोळ्या मनाने सोडल्या तर आत गुठळी होऊ शकते, हे डॉक्टरांनी तेव्हा समजावलं. बाबा वाचले. अजून आठवलं की माझे हात गार पडतात.

उरलेली बाटली ओळखीच्या मधपाळाला दाखवली. पोळं खरं असतं, म्हणाला, पण जुनं, रिकामं. गुळाच्या पाकात बुडवायचं. मध अस्सल आहे का म्हणून आम्ही घरी पाण्यात थेंब टाकून, मधात भिजवलेली वात पेटवून पाहिलं होतं. त्यावर विसंबू नका. 2020 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या दिल्लीच्या संस्थेने मधाचे 13 ब्रँड तपासले, त्यातले 10 एनएमआर या भेसळ ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत नापास झाले. तिथे घरची वात काय सांगणार?

आणि अस्सल असता तरी? मधात सुमारे 80 टक्के साखरच असते. टोरांटोच्या संशोधकांनी 2022 मध्ये 18 चाचण्या एकत्र पाहिल्या; कच्च्या, एकाच फुलाच्या मधाने कोलेस्टेरॉल थोडं उतरलेलं दिसलं. तेही एकूण साखर बेताची ठेवणाऱ्या धडधाकट माणसांत. नसेतला ब्लॉक विरघळल्याचं त्यात नाही. बाबांना तर मधुमेह आहे.

तो कागद मी जपून ठेवलाय. हृदयविकार बरा करण्याची अशी जाहिरात 1954 च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे, म्हणून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिलीय. परवा शेजारच्या काकू सांगत होत्या, प्रभादेवीत तसेच दोघे दिसले. हातात बादली होती.