एकशे अठरावा दिवस

५ जुलै २०२४. मेसमध्ये ताट वाढून घेत होतो, तेवढ्यात बँकेचा मेसेज आला : ६,००० रुपयांचा हप्ता बाउन्स, दंड वेगळा. खात्यात होते २,१४० रुपये. कसला हप्ता? मी जन्मात कर्ज काढलं नव्हतं. निदान माझी तशी समजूत होती.

महिन्याभरापूर्वी मी एका फुलस्टॅक (वेबसाइटचा पुढचा-मागचा सगळा कोड लिहायला शिकवणाऱ्या) क्लासच्या काउन्सेलिंगला गेलो होतो. बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेलं, कॅम्पसमधून काही हाती लागलं नाही, पुण्यात कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहत होतो. माझा रोग मला ठाऊक होता. चार दिवस झपाटून अभ्यास, पाचव्या दिवशी रील्स, मग आठवडाभर स्वतःला शिव्या आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. व्हेरिएबल म्हणजे काय, हे मी किमान सहा वेळा शिकलोय.

काउन्सेलर मॅडमनी हे सगळं दहा मिनिटांत माझ्याकडून काढून घेतलं आणि तेच मला विकलं. सलग १५० दिवस क्लासच्या पोर्टलवर रोज एक कोडिंगचा प्रॉब्लेम सोडवायचा (याला ते 'स्ट्रीक' म्हणत), हजेरी ९० टक्के ठेवायची. तरीही नोकरी लागली नाही, तर ७२,००० रुपयांची फी परत. आणि पैसे म्हणे भरायचे नोकरी लागल्यावरच. मी म्हटलं, घरी विचारून उद्या सांगतो. त्या हसल्या. "तुझा स्वतःवरच भरवसा नाही का रे?"

हे वाक्य मला झोंबलं. मग फोन त्यांच्या हातात कधी गेला कळलंच नाही. आधारचा ओटीपी, सेल्फी, पॅनचा फोटो, बँकेचा ओटीपी. "फॉर्मॅलिटी आहे." त्या फॉर्मॅलिटीत एका फायनान्स कंपनीचं कर्ज माझ्या नावावर झालं, पैसे परस्पर क्लासच्या खात्यात गेले आणि दर महिन्याच्या ५ तारखेला माझ्या खात्यातून हप्ता कापायची परवानगीही दिली गेली. सॅन्क्शन लेटर ईमेलच्या प्रमोशन टॅबमध्ये, पिझ्झ्याच्या ऑफरखाली पडलेलं होतं. क्लासमध्ये विचारलं तर उत्तर तयार : "तू स्ट्रीक पूर्ण कर, सगळं परत मिळणारच आहे."

म्हणून मी इरेला पेटलो. गौरीगणपतीला गावी गेलो, तिथे नेट नव्हतं, तर चुलत्याच्या गच्चीवर एका कोपऱ्यात रेंज धरून प्रॉब्लेम सबमिट केला. ११७ दिवस. खरं सांगायचं तर तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटत होता, आणि अजूनही थोडा वाटतो.

११८व्या दिवशी रात्री दहाला पोर्टल बंद पडलं ते साडेबारापर्यंत. सकाळी पाहतो तर स्ट्रीक शून्य. स्क्रीनशॉट पाठवले. उत्तर आलं, नियमात 'तांत्रिक कारण' असा शब्द नाही, रिफंड बाद. मग बॅचमधल्या पोरांशी बोललो. आमच्यातल्या नऊ जणांची स्ट्रीक तुटली होती, सगळ्यांची ११० ते १३० दिवसांच्या दरम्यान, आणि प्रत्येकाची वेगवेगळ्या रात्री. हे मुद्दाम केलं, असं मी सिद्ध करू शकत नाही. तुम्हीच ठरवा.

आणखी एक गोष्ट सांगायला लाज वाटते. 'प्रोफाइल बिल्डिंग'च्या तासाला सरांनी एक स्क्रिप्ट चालवायला दिली होती. गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कमिटची, म्हणजे एकेका नोंदीची, तारीख हवी ती टाकता येते आणि तो कोड जिथे ठेवतात त्या गिटहब साइटवरचे रोजच्या कामाचे हिरवे चौकोन त्या तारखेप्रमाणे भरतात. पाच मिनिटांत मागचं अख्खं वर्ष हिरवंगार. डिसेंबरात बाणेरच्या एका छोट्या कंपनीत इंटरव्ह्यू होता. समोरच्या माणसाने गिटहबवरची माझी रिपॉझिटरी, म्हणजे कोडचा फोल्डर, उघडली. तीनशे कमिट, प्रत्येकात एकाच फाइलमध्ये एक टिंब वाढवलेलं. तो शांतपणे म्हणाला, "लक्ष्मीपूजनाच्या रात्री तीन वाजता हे टिंब टाकलंत?" मी पाणी प्यायलो.

नंतर क्लासने शेवटचा मार्गही सुचवला : ४०,००० द्या, दोन वर्षांच्या अनुभवाचं पत्र घ्या. ते मात्र घेतलं नाही. कंपन्या पीएफची नोंद तपासतात, आणि न केलेल्या नोकरीचा पीएफ जमा झालेला नसतो.

तुमच्यासमोर कुणी 'नोकरीनंतर फी' म्हणालं, तर फोन हातातून सोडू नका. आधी एकच विचारा : हे कर्ज आहे का? कर्ज असेल तर मुख्य तथ्य विवरण (की फॅक्ट्स स्टेटमेंट) मागा. ॲपवरच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ते द्यावंच लागतं, त्यात वार्षिक दर लिहिलेला असतो. सुरुवातीच्या ठराविक मुदतीत दंड न भरता कर्जातून बाहेरही पडता येतं, पण मुद्दल परत करावी लागते आणि ती तर क्लासच्या खिशात गेलेली असते. हप्ते रागाने बंद करू नका, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) तुमचं खराब होतं, क्लासचं नाही. मी फायनान्स कंपनीला लेखी तक्रार केली, ३० दिवसांत धड उत्तर आलं नाही, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन गेलो. बाउन्सचे दंड माफ झाले. मुद्दल नाही. क्लासविरुद्ध १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे, ती अजून 'प्रक्रियेत' आहे.

आता सकाळी दीड तास बसतो. पोर्टल नाही, एक दोनशे पानी वही आहे. या महिन्यात चार दिवस चुकले, त्या तारखांपुढे 'नाही' असं लिहिलंय.

शेवटचा हप्ता येत्या ५ तारखेला आहे. खात्यात ६,००० बाजूला काढून ठेवलेत.