एक आंबा हंगाम आणि एक पावसाळा : अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी वापरल्यानंतरचा अनुभव

सेटअप आधी सांगतो, म्हणजे पुढचं कुणाला लागू पडेल ते कळेल. कर्मचाऱ्यांची लॉगिन अकाउंट आणि परवानग्या एका जागी सांभाळणारी, विंडोज सर्व्हर २०२२ वरची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी. रत्नागिरीच्या ऑफिसात दोन डोमेन कंट्रोलर (ही डिरेक्टरी ठेवणारे आणि लॉगिन तपासणारे सर्व्हर), देवगडच्या कॅनिंग युनिटमध्ये एक रीड-ओन्ली डोमेन कंट्रोलर (डिरेक्टरीची नुसती वाचता येणारी प्रत), आणि लांजा-राजापूरच्या खरेदी केंद्रांवर नुसते पीसी. कायम कर्मचारी सव्वाशेच्या घरात. मार्च ते जून त्यात साठ-सत्तर हंगामी माणसांची भर पडते : वजनकाटा, पेट्यांची आवक, पल्पचा साठा, गेट, डिस्पॅच.

अख्खा हंगाम आणि मागोमाग पावसाळा काढल्यावर मत ठाम झालं आहे. अकाउंट उघडायला ही यंत्रणा चांगली आहे, पण तिचा कस अकाउंट वेळेवर बंद होण्यात लागतो, आणि तेवढंच काम ती आपणहून करत नाही. प्रत्येक अकाउंटला संपण्याची तारीख, कामाचा ग्रुप आणि जबाबदार माणूस या तीन गोष्टी आपण दिल्या तरच ती साथ देते.

लॉगिनचं नाव

नाव-आडनावावरून लॉगिन बनवू नका. एकाच वाडीतून आलेल्या माणसांत सावंत, राणे, पवार इतके असतात की दुसऱ्याच महिन्यात नावांपुढे १, २, ३ लागायला लागतात. जुन्या पद्धतीच्या लॉगिन नावाला २० अक्षरांची मर्यादा आहे, लांब आडनाव तिथेच कापलं जातं. लग्नानंतर आडनाव बदललं की अकाउंटचं नाव बदलता येतं, परमिशनही जशाच्या तशा राहतात, कारण त्या नावाला नसून आतल्या एसआयडीला (अकाउंटच्या ओळख-क्रमांकाला) दिलेल्या असतात. पण पीसीवरचं प्रोफाइलचं फोल्डर जुन्याच नावाचं राहतं आणि मग काही सॉफ्टवेअरचे पाथ गोंधळ घालतात. कर्मचारी क्रमांक हेच लॉगिन ठेवलं की हे सगळं मिटतं. डिस्प्ले नेम देवनागरीत चालतं आणि छान दिसतं. फर्स्ट नेम आणि लास्ट नेम मात्र रोमनमध्ये ठेवा, म्हणजे शोध दोन्ही लिप्यांत लागतो. एचआरकडून आलेली यादी एक्सेलमधून सीएसव्ही करताना यूटीएफ-८ चा (देवनागरी अक्षरं जपणारा) पर्याय निवडा, नाहीतर सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन आत जातात.

संपण्याची तारीख

हंगामी अकाउंट उघडतानाच एक्स्पायरीची तारीख घालायची, हा नियम एकही अपवाद न ठेवता पाळावा. इथे एक बारीक फसगत आहे. नेहमीच्या खिडकीत ३० जून निवडलं तर अकाउंट ३० जूनचा दिवस संपेपर्यंत चालतं. पॉवरशेलमधून (आज्ञा लिहून काम करण्याच्या साधनातून) नुसती ३० जून दिली तर ती त्या दिवसाच्या सुरुवातीची मध्यरात्र धरली जाते, आणि माणसाचा शेवटचा उपयोगी दिवस २९ जून ठरतो. पन्नास अकाउंट स्क्रिप्टने उघडली असतील तर ३० तारखेला सकाळच्या शिफ्टला पन्नास जण दारात उभे राहतात. स्क्रिप्टमध्ये एक दिवस वाढवून द्या. मासळी प्रक्रिया युनिटांचं गणित वेगळं : यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, म्हणून त्यांनी हंगामी अकाउंटची मुदत ३१ मेपर्यंतच ठेवावी आणि ऑगस्टमध्ये नवी तारीख घालावी.

प्रत्येक हंगामी अकाउंटच्या मॅनेजर या रकान्यात सुपरवायझरचं नाव भरा. तारीख वाढवायची तर त्याच्याच मेलवरून वाढेल, फोनवर नाही. हा रकाना रिकामा असला की जूनअखेर कुठला माणूस अजून कामावर आहे हे सांगणारं कुणीच उरत नाही.

हंगाम संपला की अकाउंट डिलीट करू नका. तेच लोक बहुधा पुढच्या मार्चमध्ये परत येतात, आणि त्याच नावाने नवं अकाउंट उघडलं तरी एसआयडी नवा असतो, जुनी एकही परमिशन त्याला मिळत नाही. अकाउंट डिसेबल करा, वेगळ्या ओयूमध्ये (डिरेक्टरीतल्या कप्प्यात) हलवा, ग्रुप काढून टाका, पासवर्ड बदलून ठेवा. पुढच्या हंगामात नवा पासवर्ड, नवी तारीख आणि त्या वर्षीच्या कामाचा ग्रुप. कायमचे सोडून गेलेल्यांसाठी नव्वद दिवस डिसेबल आणि मग डिलीट ही पद्धत पुरते. त्यासाठी डिरेक्टरीचा रिसायकल बिन आधी चालू केलेला हवा. तो मुळात बंद असतो, आणि एकदा चालू केला की परत बंद करता येत नाही. चालू असला तर डिलीट झालेलं अकाउंट १८० दिवसांपर्यंत ग्रुपांसकट परत आणता येतं.

डिसेबल केलं म्हणजे माणूस त्या क्षणी बाहेर पडला असं समजू नये. हातातलं केर्बेरोस तिकीट (लॉगिन झाल्यावर मिळणारा तात्पुरता परवाना) १० तासांपर्यंत चालू शकतं आणि उघडं सेशन उघडंच राहतं. शंकेची बाब असेल तर फाइल सर्व्हरवरचं त्याचं सेशन हाताने तोडा आणि पीसी लॉगऑफ करा.

ग्रुप, आणि बदली झालेला माणूस

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं आग्रहाने सांगेन. फोल्डरवर कुणा माणसाचं नाव कधीच घालायचं नाही. माणूस कामाच्या ग्लोबल ग्रुपमध्ये, म्हणजे ‘खरेदी कारकून’, ‘कॅनिंग सुपरवायझर’, ‘लेखा’. तो ग्रुप फोल्डरच्या डोमेन लोकल ग्रुपमध्ये, म्हणजे ‘खरेदी दर : वाचणे’, ‘खरेदी दर : बदलणे’. परमिशन फक्त या दुसऱ्या ग्रुपला. पहिले दोन दिवस हे अति वाटतं. पण ऑडिटर जेव्हा विचारतो की दराची फाइल कोण कोण बदलू शकतं, तेव्हा एक ग्रुप उघडून उत्तर देता येतं. तसं नसेल तर शेकडो फोल्डरांची सिक्युरिटी टॅब एकेक करून पाहावी लागते. शेअरच्या पातळीवर (नेटवर्कवरून फोल्डर उघडताना) परमिशन सैल ठेवा आणि आवळायचं ते एनटीएफएसमध्ये (फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये) आवळा. दोन्हीकडे वेगवेगळं लावलं तर जे जास्त कडक ते लागू होतं, आणि कुठे अडलं हे शोधण्यात दुपार जाते.

नवा माणूस आणि सोडून गेलेला माणूस यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. नजरेतून सुटतो तो बदली झालेला. खरेदीतला कारकून लेखा विभागात आला की त्याला लेखाचा ग्रुप त्याच दिवशी मिळतो, कारण तो मागतो. खरेदीचा ग्रुप काढा असं कुणी मागत नाही. मग एकच माणूस बागायतदाराचा दरही भरू शकतो आणि त्याच बिलाचं पेमेंटही सोडू शकतो. त्या माणसाच्या मनात काही नसेलही, पण ही दोन्ही कामं एका हातात असणं संस्थेसाठी धोक्याचं आहे आणि त्या माणसासाठीही, कारण उद्या काही घोळ निघाला तर पहिला संशय त्याच्यावर येणार. म्हणून बदलीला एकच पद्धत : आधी सगळे कामाचे ग्रुप काढायचे, मग नव्या कामाचे घालायचे. हस्तांतरासाठी दोन्हीकडचा अ‍ॅक्सेस काही दिवस लागणारच असेल, तर ग्रुपच्या सदस्यत्वाला मुदत घालता येते. त्यासाठी फॉरेस्ट, म्हणजे अख्खी डिरेक्टरी, विंडोज सर्व्हर २०१६ च्या पातळीवर हवं आणि प्रिव्हिलेज्ड अ‍ॅक्सेस मॅनेजमेंट हे फीचर चालू केलेलं हवं. तेही एकदा चालू केलं की बंद होत नाही.

ग्रुप बदलला तरी जुनाच अ‍ॅक्सेस दिसतो ही तक्रार हमखास येते. ग्रुपांची यादी लॉगिनच्या वेळी तयार होते, म्हणून लॉगऑफ करून पुन्हा लॉगिन करायला सांगा. स्क्रीन लॉक करून उघडणं पुरत नाही.

वजनकाट्यावर तीन शिफ्टना मिळून एक अकाउंट ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. सिक्युरिटी लॉगमध्ये फक्त ‘काटा’ एवढंच दिसतं, आणि वजनावरून वाद झाला की माणूस सापडत नाही. प्रत्येकाला स्वतःचं अकाउंट द्या आणि ‘लॉग ऑन टू’मध्ये (ते कुठल्या पीसीवर चालेल त्या यादीत) फक्त काट्याचा पीसी टाका. लॉगिनच्या तासांचं बंधनही घालता येतं, पण हे तास पूर्ण तासाच्या खान्यांत आणि यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवले जातात. आपला साडेपाच तासांचा फरक त्यात नेमका बसत नाही, म्हणून शिफ्टच्या दोन्ही टोकांना तासाभराची मोकळीक ठेवा. शिवाय तास संपले म्हणून आधीच आत असलेला माणूस पीसीवरून आपोआप बाहेर पडत नाही.

लाइन गेल्यावर

पावसाळ्यात लाइन जाते. कधी वीज, कधी फायबर, कधी दोन्ही. दूरच्या युनिटसाठी रीड-ओन्ली डोमेन कंट्रोलर घ्यायचं कारण हेच, आणि दुसरं कारण म्हणजे तिथे सर्व्हरला कुलूपबंद खोली बहुधा नसते. त्या सर्व्हरवरून डिरेक्टरीत काही लिहिता येत नाही आणि ठरवून दिलेल्यांचेच पासवर्ड त्यावर साठतात. चोरीला गेला तर मुख्य बाजूने त्याचं कॉम्प्युटर अकाउंट डिलीट करताना, त्यावर साठलेल्या सगळ्यांचे पासवर्ड रिसेट करण्याचा पर्याय समोर येतो.

पण तो नुसता बसवून भागत नाही. त्या युनिटच्या लोकांना पासवर्ड साठवण्याची परवानगी द्यावी लागते, आणि तिथल्या पीसींच्या कॉम्प्युटर अकाउंटलाही. ही दुसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते, आणि मग लाइन गेली की सर्व्हर शेजारी असूनही त्याचा उपयोग होत नाही. मिरगाच्या आधी दोन्ही याद्या तपासा, पासवर्ड आगाऊ साठवून घ्या, आणि लाइनची केबल काढून एकदा प्रत्यक्ष लॉगिन करून बघा. लाइन बंद असताना मुख्य ऑफिसने पासवर्ड रिसेट केला तर तो युनिटपर्यंत पोचत नाही. तिथे जुनाच चालतो.

दोन साइटमधलं (दोन ठिकाणच्या डोमेन कंट्रोलरमधलं) रेप्लिकेशन, म्हणजे बदल एकमेकांना पोचवणं, मुळात दर १८० मिनिटांनी असतं. ते १५ मिनिटांवर आणा, त्याखाली त्या वेळापत्रकात जाता येत नाही. सकाळी डिसेबल केलेलं अकाउंट दुपारपर्यंत दुसऱ्या युनिटमध्ये चालतं, ते या १८० मुळे.

जिथे डोमेन कंट्रोलरच नाही, तिथे पीसी आधी येऊन गेलेल्या १० जणांची लॉगिन लक्षात ठेवतो. त्यामुळे लाइन नसतानाही काम चालतं. पण नवा माणूस तिथे लॉगिन करू शकत नाही, आणि डिसेबल केलेला माणूस मात्र करू शकतो, कारण पीसीला ते कळलेलंच नसतं. खरेदी केंद्रावर नव्या माणसाचं पहिलं लॉगिन लाइन चालू असतानाच करून घ्या.

डीएनएसचं (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या सेवेचं) एकच : पीसीवर फक्त डोमेन कंट्रोलरचे पत्ते. दुसरा म्हणून राउटर किंवा बाहेरचा डीएनएस टाकला की डोमेन कधी सापडतं, कधी नाही.

घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की केर्बेरोस नकार देतं. वारंवार वीज गेलेल्या जागी बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असेल तर पीसी जुन्या तारखेने उठतो; लॉगिन होत नसेल तर पासवर्ड बदलण्याआधी तारीख बघा. पीडीसी एम्युलेटरची (डोमेनमधल्या बाकीच्यांना वेळ देण्याची) भूमिका असलेल्या डोमेन कंट्रोलरला बाहेरच्या एनटीपीशी (वेळ देणाऱ्या सर्व्हरशी) जोडा, आणि तो व्हर्च्युअल असेल तर होस्टकडून (तो ज्या मशीनवर चालतो त्याच्याकडून) वेळ घेणं बंद करा.

पासवर्ड आणि लॉक होणारी अकाउंट

मूळ पॉलिसीत पासवर्ड ७ अक्षरांचा, दर ४२ दिवसांनी बदलायचा, आणि लॉकआउट (चुकीच्या पासवर्डांनंतर अकाउंट लॉक होणं) बंद. तिन्ही बदलावेत. १४ अक्षरं ठेवा आणि ठराविक मुदतीने बदलणं काढून टाका. मायक्रोसॉफ्टने स्वतःच २०१९ मध्ये आपल्या शिफारशीतून ही मुदत काढली. दर दीड महिन्याला बदलायला लावलेला पासवर्ड कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर जातो. लॉकआउट १० चुकांनंतर, १५ मिनिटांसाठी. अ‍ॅडमिनसाठी वेगळी, कडक पॉलिसी ग्रुपवर लावता येते.

पुन्हा पुन्हा लॉक होणारं अकाउंट नुसतं अनलॉक करत बसू नका. पीडीसी एम्युलेटरच्या लॉगमध्ये ४७४० क्रमांकाची नोंद शोधा, त्यात चुकीचा पासवर्ड कुठल्या मशीनवरून येतोय त्याचं नाव असतं. बहुतेकदा जुन्या पासवर्डने जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह, शेड्यूल्ड टास्क किंवा मोबाइलवरचा मेल निघतो.

पासवर्ड रिसेटचं काम प्रत्येक युनिटमधल्या एका माणसाला त्या ओयूपुरतं डेलिगेट करा. त्यासाठी डोमेन अ‍ॅडमिन करायची गरज नाही. एखाद्याच अकाउंटवर हे चालत नसेल तर ते कधीकाळी अ‍ॅडमिन ग्रुपमध्ये होतं का पाहा. अशा अकाउंटवर अ‍ॅडमिनकाऊंट हा रकाना १ राहतो आणि वरून, म्हणजे ओयूकडून, येणारी परमिशन (इनहेरिटन्स) तुटलेली असते. ग्रुपमधून काढलं तरी ती आपोआप जुळत नाही, इनहेरिटन्स हाताने चालू करावा लागतो.

निष्क्रिय अकाउंट शोधताना शेवटच्या लॉगिनची जी तारीख सगळ्या डोमेन कंट्रोलरवर पोचते, ती १४ दिवसांपर्यंत मागे असू शकते. म्हणून ६० दिवसांच्या आतली गाळणी लावू नये.

बॅकअप, जागा आणि लायसन्स

दोन डोमेन कंट्रोलर एकाच यूपीएसवर असतील तर वीज गेल्यावर दोन्ही एकदम जातात. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बाजारपेठेत जे पाणी चढलं, त्यानंतर सखल भागात तळमजल्यावर सर्व्हर ठेवण्याचा विचारही कुणी करू नये. सिस्टिम स्टेटचा (डिरेक्टरीसकट सर्व्हरच्या गाभ्याचा) बॅकअप रोज घ्या आणि एक प्रत दुसऱ्या गावात ठेवा. १८० दिवसांपेक्षा जुना बॅकअप डिरेक्टरी परत उभी करायला चालत नाही. डीएसआरएमचा (डिरेक्टरी दुरुस्त करायला सर्व्हर ज्या मोडमध्ये सुरू करतात त्याचा) पासवर्ड लिहून तिजोरीत ठेवा, तो डिरेक्टरीत नसतो.

पंधरा-वीस पीसी असतील आणि सगळं काम ब्राउझरमध्ये चालत असेल, तर हा पसारा घेऊ नका; क्लाउड डिरेक्टरी पुरेल. फाइल सर्व्हर, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आणि तुटणारी लाइन असेल तर जागेवरची डिरेक्टरी लागतेच. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीच्या लायसन्समध्ये प्रोसेसरचे किमान १६ कोअर मोजले जातात आणि त्यात दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. कॅल (सर्व्हर वापरण्याचे परवाने) मात्र वेगळे घ्यावे लागतात. ऑफिसातल्या लोकांसाठी युजर कॅल, आणि जिथे एकाच पीसीवर तीन शिफ्टचे लोक बसतात तिथे डिव्हाइस कॅल : काट्याच्या एका पीसीला एक कॅल, मग त्यावर हंगामात कितीही जण बसोत.