जुनी घ्यायची तर के-१० इंजिनाची वॅगन आर

सेकंडहँड गाडीत कमीत कमी कटकट हवी असेल तर २०१० ते २०१८ मधली दुसऱ्या पिढीची पेट्रोल वॅगन आर बघा. दिसायला डबाच, पण ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं के-१०बी इंजिन दणकट. आधीच्या १,०६१ सीसी इंजिनाला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) होता; इथे चेन आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरनंतर बेल्टचा खर्च नाही. अट एकच, दर १०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदललेला हवा. त्यात चालढकल झाली असेल तर थंड इंजिन सुरू करताच पहिले काही सेकंद चेन खडखडते. म्हणून मालकाला आधीच सांगून ठेवा, गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघायचा, थंडच लागायला हवं.

तीन सिलिंडर म्हटल्यावर थोडी थरथर असणारच. पण एसी लावल्यावर स्टिअरिंगसकट गिअरचा दांडा हलायला लागला तर इंजिन माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) गेलंय. खड्ड्यात पुढून टकटक येत असेल तर सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश किंवा स्ट्रट माउंट गेलेत. पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात. यावरून भाव पाडा, गाडी सोडू नका.

सीएनजीवाली असेल तर मात्र सावध. गॅसवर व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती जागा) लवकर झिजतात, टॅपेटचं क्लिअरन्स (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाजवळची फट) कमी होतं, व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पडतं. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. एकाचा आकडा बाकी दोघांपेक्षा बराच खाली असेल तर इंजिनाचं हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उघडायची तयारी ठेवा. गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर ३ वर्षांनी लागते. टाकीच्या पाटीवरची तारीख वाचा. मीटर ५०,००० दाखवतंय आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर मीटरवर विश्वास नको. टॅक्सीत राबलेल्या गाड्या खासगी पासिंग करूनही विकायला येतात.

२०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा किंवा २०२१ चा चिपळूणचा पूर पाहिलेली गाडी वरून चकाचक दिसते. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा: आतल्या हातभर पट्ट्यावर मातीचा डाग राहिलेला असतो. कोकणातल्या गाडीचं कार्पेट उचलून फ्लोअरचा गंजही बघा.

एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बऱ्याच गाड्यांत नाहीत, ही तिची मोठी उणीव. जास्त हायवे असेल तर ते दोन्ही असलेलीच शोधा.

आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घेतानाच थकलेली ई-चलानही भरून घ्या.